रिंग जात होती

आमच्या वाडीत अकरा दगडांना चुना लावलेला होता आणि प्रत्येकावर गेरूने नंबर घातलेला होता. नवख्या माणसाला वाटायचं, मोजणीवाले येऊन गेले असतील, नाहीतर कुणीतरी नवा देव बसवायला घेतला असेल. तसलं काही नव्हतं. ते रेंजचे दगड होते. त्या दगडावर बसलं की मोबाइल लागायचा आणि उठून चार पावलं बाजूला झालं की बंद पडायचा. हे दगड ज्यांनी हुडकले, खांद्यावरून आणून जागच्या जागी बसवले आणि दर दिवाळीला ज्यांनी त्यांना नव्याने चुना लावला, ते आमचे सिग्नल आप्पा.

आप्पा फौजेत सिग्नलला होते. जंगलातून, बर्फातून टेलिफोनच्या तारा ओढण्यात त्यांची उमेद गेली आणि हवालदार होऊन ते वाडीला परतले. आमची वाडी कराडहून वर चढत गेलं की डोंगराच्या खोबणीत बसलेली. चारी बाजूंनी कडे, त्यामुळे आकाशच मुळात पाटाएवढं, तिथे रेंज कुठून यायची? आप्पांनी एक अख्खा उन्हाळा हातात फोन वर धरून गाव पालथं घातलं. एका हातात फोन, दुसऱ्या हातात चुन्याचं डबडं. लोक पारावरून विचारायचे, "आप्पा, ढगातनं काय उतरवताय?" आप्पा वर बघत बघतच म्हणायचे, "तुज्या पोराचा आवाज उतरवतोय रं. गप बस जरा." पोरं पुण्या-मुंबईला नाहीतर फौजेत. घरोघर हीच गत होती, त्यामुळे हसणारे लवकरच गप झाले आणि ज्याच्या त्याच्या दगडावर जाऊन बसायला लागले.

मी आष्ट्याची. तिकडे सपाट रान, ऊस आणि रेंज या तिन्ही गोष्टी मुबलक. लग्न होऊन वाडीला आले आणि विसाव्या दिवशी आमचे हे ड्युटीवर निघून गेले. पोचल्याचा फोन येईल म्हणाले होते. मी दोन दिवस फोन हातात धरून घरभर फिरले. चुलीपाशी, माळ्यावर, गोठ्यात. कुठेच काही नाही. तिसऱ्या दिवशी परसात बसून रडत होते, तर बाहेरून खाकरल्याचा आवाज आला. आप्पा नात्याने माझे चुलत सासरे, त्यामुळे मी पदर सावरून उभी राहिले. ते अंगणातूनच म्हणाले, "सूनबाई, फोन घ्या आन माज्या मागनं या."

त्यांनी मला शाळेमागच्या उंबराखाली नेलं. "ह्यो सात नंबर. सकाळच्याला धा ते बारा हितं दोन काड्या असत्यात. संभाला मी सांगून ठिवलंय, याच येळंला लावंल." मी दगडावर बसले. दहा-पंधरा मिनिटांत फोन वाजला आणि ह्यांचा आवाज आला. आप्पा तोवर पाठ फिरवून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत गेले होते. नवराबायकोचं बोलणं ऐकू येऊ नये एवढं अंतर त्यांनी बरोबर मोजलेलं होतं.

मला फोनचं जे काही कळतं ते आप्पांनी शिकवलेलं. मला वाटायचं, फोन लागला नाही म्हणजे लागला नाही. आप्पांना ते पटायचं नाही. ते म्हणायचे, "दोनात फरक हाय सूनबाई. आतली बाई बोलली, कव्हरेजच्या भाईर म्हणली, तर लाइन मेली. रिंग गेली तर लाइन जित्ती. मग म्होरचा मानूस उचलंना, ही मानसाची गोष्ट झाली. लाइनीला बोल लावायचा न्हाई." हे ते इतक्यांदा सांगायचे की माझी थोरली लेक दुकान दुकान खेळताना बाहुलीला हेच सांगायची.

त्यांची दुसरी शिकवण राखीव लाइनची. फौजेत म्हणे कधीच एक तार टाकत नाहीत. एक तुटली तर दुसरी हवी. "आन ती दुसरी कुणाला दावायची नसती," हे शेवटचं वाक्य ते आवाज बारीक करून सांगायचे, जणू शत्रू आमच्याच गोठ्यात दडून बसलाय. आम्ही हसायचो. बोलून झालं, चहा पिऊन झाला की उठताना ते "ओव्हर" म्हणायचे. राम राम नाही, येतो नाही, नुसतं ओव्हर. सासूबाई म्हणायच्या, "ह्या म्हाताऱ्याला सरकारनं घरी धाडलं, पर ह्यानं काय पट्टा सोडला न्हाई."

थोरलीच्या वेळी मी पोटुशी असताना पावसाळा होता. ह्यांचा फोन आठ-दहा दिवसांतून एकदा यायचा, तोही युनिटच्या फोनवरून, मागे माणसांची रांग. तो चुकवून चालायचं नाही, म्हणून मी डोक्यावर पोतं घेऊन सात नंबरवर बसायचे. एका सकाळी गेले तर दगडाभोवती चार वासे रोवून वर पत्रा टाकलेला. आप्पांनी एकट्याने केलेलं काम. कुणी विचारलं तर म्हणाले, "यंत्र भिजतं म्हणून टाकलाय." यंत्र म्हणजे माझा फोन. तो तर पदराखाली असायचा. मला सासरा नव्हता. त्या दिवसापासून होता असं मी धरून चालले, आणि आता जे सांगणार आहे ते म्हणूनच मला अजून गिळता येत नाही.

मधल्या काळात आमच्या मागच्या पठारावर नव्या कंपनीचा टॉवर उभा राहिला. उभा राहिला तो राहिलाच. चालू होईना. मग एक दिवस कंपनीचा माणूस कराडहून छत्री घेऊन आला आणि भैरोबाच्या देवळापुढे बसला. त्याचं म्हणणं साधं होतं. टॉवर आजही चालू होईल, पण गिऱ्हाईक पाहिजे. अख्खी वाडी जुनी कंपनी सोडून नव्या कंपनीत आली तरच वरचे लोक मंजुरी देतील. नंबर तोच राहील, फक्त कार्ड बदलायचं. एकदा बदललं की मात्र नव्वद दिवस परत फिरता येणार नाही.

दुसऱ्या गावाने काय केलं असतं? निम्म्यांनी बदललं असतं, निम्म्यांनी वाट बघितली असती. आमच्याकडे तसं होत नाही. आमच्याकडे ग्रामपंचायत असो, सोसायटी असो, नाहीतर साखर कारखान्याची निवडणूक असो, मत एकगठ्ठा पडतं. देवळात बैठक बसते, जाणता माणूस उठून बोलतो, भैरोबाचा भंडारा उचलून शपथ घेतली जाते आणि मग फुटणाऱ्याला गावात पाणी मिळत नाही. तशीच बैठक बसली आणि जाणता माणूस म्हणून आप्पा उठले. बायका देवळाच्या कडेला बसल्या होत्या. मीही होते.

आप्पा म्हणाले, "मी रेंज हुडकत उभं गाव हिंडलोय. म्हाताऱ्या बायका पावसाच्या दगडावर बसत्यात, मला बघवत न्हाई. चुलीम्होरं बसून लेकाशी बोलायला मिळणार आसंल, तर मी म्हणतो एका दमात जाऊया. फाटाफूट नको."

सासूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "आवं आप्पा, पेरताना सुदीक मूठभर बी माणूस मागं ठिवतो. एक-दोन घरं ऱ्हाऊ द्यात की जुन्यात."

"न्हाई वैनी. एक जरी मागं ऱ्हायला तरी टॉवर बंदच ऱ्हायला म्हणून समजा. सगळी म्हंजी सगळी."

"तुमी?"

"माजं सगळ्यांच्या आदी," आप्पा म्हणाले आणि भंडाऱ्याच्या ताटात हात घातला.

पुढचे दोन दिवस आप्पा त्या छत्रीखाली बसून होते. म्हाताऱ्यांना कंपनी बदलायचा मेसेज पाठवता येईना, म्हणून प्रत्येकाचा फोन हातात घेऊन त्यांनी स्वतः मेसेज पाठवला, आलेला आकडा वहीत उतरवला, अंगठे लावून घेतले. माझ्या फोनचंही त्यांनीच केलं. मी म्हणाले, "आप्पा, ह्यांचा फोन तर चुकायचा न्हाई ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुमच्या फोनसाटी तर समदा खटाटोप चाललाय, सूनबाई." मी त्यांना विचारलं, तुमचं झालं का. त्यांनी बंडीच्या आतल्या खिशावर थोपटलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

टॉवर चालू झाला, खोटं कशाला बोलू. स्वयंपाकघरात चार काड्या आल्या. मी भाकरी थापता थापता ह्यांच्याशी बोलले, धाकटीने बापाला गाणं म्हणून दाखवलं, सासूबाईंनी गाईच्या पान्ह्यापर्यंत सगळं सांगून घेतलं. अकरा दगड ओस पडले. चार नंबरचा दगड कुणीतरी कांद्यावरच्या प्लास्टिकच्या कागदावर वजन म्हणून नेला. दोन आठवडे वाडी नुसती बोलत होती.

त्याच दिवसांत ह्यांचा एक फोन आला. ह्यांची सतरा वर्षं पुरी होत आली होती. आता एकतर घरी यायचं, नाहीतर कागदावर सही करून आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची. "कागद येत्या आठवड्यात येतोय," हे म्हणाले. "माजं काय न्हाई, तू आन आई ठरवून सांगा. तू म्हणशील तसं. मी लावतो फोन." आम्हाला ठरवायला एक संध्याकाळही लागली नाही. सासूबाई म्हणाल्या, "बास झालं. ये म्हणावं." थोरली आठ वर्षांची होती, धाकटी चार. त्या चार वर्षांत बाप तिच्याबरोबर सगळे मिळून सहा-सात महिने होता. मी मनातल्या मनात बोलायची वाक्यं जुळवून ठेवली होती. पहिलंच वाक्य होतं, "आवं, या आता."

आणि टॉवर बंद पडला. कुणीतरी खालच्या बॅटऱ्या काढून नेल्या आणि लाइट तर आमच्याकडे जाऊन-येऊन असते. कंपनीचा माणूस आला, कुलूप बघितलं, मान हलवली आणि गेला. चार दिवस झाले, सहा झाले. गाव अकरा दगडांकडे धावलं. पण दगडांवर रेंज जुन्या कंपनीची, आणि जुन्या कंपनीचं कार्ड वाडीत एकाकडेही नव्हतं. नव्वद दिवसांतले अजून दोन महिन्यांवर दिवस बाकी होते.

मी आप्पांकडे गेले. ते दारातल्या कट्ट्यावर बसले होते. त्या कट्ट्याला लागूनच एक नंबरचा दगड आहे. मी म्हणाले, "आप्पा, कुणाकडं एकतरी जुनं कार्ड ऱ्हायलंय का हो? ह्यांचा फोन यायचाय. कागदावर सही करू नका म्हणून सांगायचंय." सगळं सांगितलं त्यांना. पदरात काही लपवलं नाही. त्यांनी खाली बघत ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई सूनबाई. आपण सगळंच एका दावणीला बांदलंय."

मग मी माझ्या परीने धडपड केली. नवं कार्ड घ्यावं तर नवा नंबर ह्यांना कळवायचा कसा? फोन तेच करायचे, इकडून लागत नव्हता. खाली बाजारगावात नव्या कंपनीची रेंज होती. मी दोन दिवस पहिल्या एसटीने जाऊन स्टँडच्या बाकावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोन हातात धरून बसले. तिथून युनिटचा एक जुना नंबर लावून बघितला. कुणीतरी हिंदीत थांबा म्हणालं आणि लाइन गेली. दोन्ही दिवस सकाळी आप्पा मला थांब्यापर्यंत पोचवायला आले. दुसऱ्या दिवशी तर माझ्या हातात शेंगाचटणी-भाकरीची पुरचुंडी दिली. तिसऱ्या दिवशी सासूबाई तापाने फणफणल्या आणि मला घर सोडता आलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला आप्पा आमच्याकडे आले. सासूबाईंच्या कपाळाला हात लावला, औषध विचारलं. मी चहा दिला. माझ्या लग्नापासून बघते, आप्पांनी कपात चहाचा थेंब ठेवला नव्हता, बशीही निथळून घ्यायचे. त्या दिवशी कप नुसता फिरवत बसले. दोनदा "सूनबाई" म्हणाले आणि दोनदा पुढे बोललेच नाहीत. मला वाटलं, टॉवरचं मनाला लावून घेतलंय. मीच त्यांची समजूत घातली. म्हणाले, तुमी काय मुद्दाम केलंय व्हय आप्पा. ते निम्मा चहा तसाच ठेवून उठले आणि ओव्हर न म्हणता गेले.

तेराव्या दिवशी टॉवर चालू झाला आणि चौदाव्या दिवशी ह्यांचा फोन आला. मी "आवं, या आता" म्हणायच्या आधीच हे म्हणाले, "झाली बग सही. दोन वर्सं."

मला बसायला पाट दिसेना. "का केली? मी कुटं हो म्हणलं हुतं?"

"अगं, तुजा फोन बंद. साहेब म्हणला आजच कागद जाणार हाय. मला वाटलं, तू गप हाईस म्हंजी मनातनं हो हाय, तोंडानं म्हणवंना. पोरींची शिक्षणं हाईत." मग थोडं थांबून म्हणाले, "आप्पांना सुदीक लावला हुता. म्हणलं तुला निरोप देतील. त्यांनीबी उचलला न्हाई. तीनदा रिंग गेली."

"रिंग गेली?"

"व्हय. पूर्ण रिंग जात हुती. तीनदा."

"का ती बाई बोलत हुती, कव्हरेजच्या भाईर म्हणून?"

"तुज्या फोनला बाई बोलत हुती. आप्पांच्या फोनला रिंग जात हुती. का गं?"

फोन कुठल्या दिवशी लावला ते मी विचारून घेतलं. तो तोच तिसरा दिवस होता, सासूबाई तापल्या आणि मी घरी राहिले तो. त्या दिवशी वाडीत नव्या कंपनीच्या एकाही फोनची रिंग जाणं शक्य नव्हतं. ज्याने मला हे शिकवलं तोच माणूस तेव्हा जित्त्या लाइनवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना शोधत गेले. टॉवर चालू झालेला असूनही आप्पा पुन्हा दगडांना चुना लावत हिंडत होते. सात नंबरपाशी सापडले. मी उभ्याउभ्याच म्हणाले, "आप्पा, तुमचा फोन बगू."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. कुंचा डबड्यात ठेवला, हात धोतराला पुसला आणि आतल्या खिशातून फोन काढून दिला. वर जुन्या कंपनीचं नाव होतं. खाली दोन काड्या.

"कवापासनं?"

"बदललंच न्हाई, सूनबाई."

"सगळ्या गावाचे मेसेज तुमी पाठवलासा."

"माजाबी लिवला हुता. तीनदा लिवला. आंगठा उठंना. उभ्या जल्मात एका लाइनीवर कवा ऱ्हायलो न्हाई. म्हणलं, आपली एक राखीव असूंदे."

"मग गावाला का ठिवू दिली न्हाईसा? माजी सासू काय म्हणत हुती?"

"एकजण मागं ऱ्हायला असता तर टॉवर आला नसता."

"ऱ्हायलासा की तुमी."

त्यांनी चुन्याच्या डबड्याकडे बघितलं. मी म्हणाले, "आन त्या दिवशी? ह्यांचा फोन आला तवा?"

"कट्ट्यावर चौगं बसली हुती म्होरं. फोन हितं थरथरत हुता." त्यांनी छातीवर हात ठेवला. "भाईर काडला असता तर चौगांनी बगितला असता. भंडारा उचलून शबूद दिलावता मी. तोंड दावाय जागा ऱ्हायली नसती. म्हणलं, चौगं उठली की बगू. ती उठंनात. आन मग परत फोन आला न्हाई."

"संध्याकाळी आलासा. चा घेतलासा. तवा तरी सांगायचं."

"सांगाय आलो हुतो," आप्पा म्हणाले. "तुमी माजीच समजूत घालाय लागलासा."

मला माणसावर ओरडता येत नाही, मोठ्या माणसावर तर नाहीच. मी एवढंच म्हणाले, "माजी दोन वर्सं हुती ती आप्पा, तुमच्या खिशात." फोन त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. त्या पत्र्याखाली बसणं मी त्या दिवसापासून सोडलं.

गावात मी कुणालाही सांगितलं नाही. त्यात आप्पांवर दया नव्हती. सांगितलं असतं तर गावाने त्यांना चार दिवस फाडून खाल्लं असतं आणि पाचव्या दिवशी पारावर शेजारी बसवून घेतलं असतं. माझा राग असा वाटून संपवायची माझी तयारी नव्हती. सासूबाईंना मात्र कळलं. कसं कळलं ते मी विचारलं नाही. त्या एकदा निवडता निवडता म्हणाल्या, "बी राखलं ते राखलं, पर पेरायच्या टायमाला बी मूठ उघडली न्हाई त्येनं." त्याच्यावर आमचं पुन्हा बोलणं झालं नाही.

नव्वद दिवस सरल्यावर वाडी ज्याला जसं सुचेल तशी फुटली. कुणी परत जुन्यात गेलं, कुणी नव्यात राहिलं. मी माझा नंबर जुन्या कंपनीत परत नेला आणि फोनच्या दुसऱ्या खणात नव्या कंपनीचं कार्ड घातलं. नवं काही घेतलं की अजून आधी दुसरी लाइन बघते. स्टोव्ह आहे तर चूल मोडली नाही, नळ आला तर आड बुजवू दिला नाही. लोक मला हुशार म्हणतात. ही हुशारी कुणाची आहे ते मला माहीत आहे आणि तेच सगळ्यात जास्त टोचतं.

दोन वर्षं काही थांबून राहत नाहीत, जातातच. हे घरी आले तेव्हा धाकटी सहाची झाली होती. पहिले चार दिवस तिने त्यांना हाकच मारली नाही, आणि मारली तेव्हा पाहुण्याला म्हणतात तसं "आवं" म्हणाली. हे हसले. मी चुलीकडे तोंड करून बसले. ह्यांना मी आप्पांचं खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. त्यांचा आप्पांवर फार जीव. एकाच घरातल्या दोघांचं मन कशाला मोडायचं?

ह्यांच्या येण्याआधीच आप्पा वाडी सोडून गेले होते. गुडघे गेले, मोतीबिंदू झाला आणि सांगलीहून लेक गाडी घेऊन न्यायला आली. जायच्या सकाळी ते काठी टेकत घरोघर जाऊन आले. आमच्या उंबऱ्यात उभे राहिले तेव्हा मी आत पीठ मळत होते. "वैनी, जातो," ते म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "येतो म्हणावं, आप्पा." ते म्हणाले, "येतो." मग बराच वेळ पायरीवर काठीचा आवाज आला नाही, म्हणजे ते तिथेच उभे होते. माझे हात पिठाचे होते, हे निमित्त मला पुरलं. गाडी वळणावरून गेल्याचा आवाज आला तेव्हा पीठ मळून मळून रबरासारखं झालं होतं, त्याच्या पोळ्या त्या दिवशी कुणाच्या दाताने तुटल्या नाहीत.

सांगलीला गेल्यापासून दर रविवारी सकाळी साडेदहाला मला आप्पांचा फोन येतो. सात नंबरची वेळ. तोच नंबर, तीच जुनी कंपनी. मी उचलत नाही. कापत नाही, बंद करत नाही, नंबर अडवून ठेवायची सोय फोनमध्ये आहे ती लेकीने दाखवूनही मी केलेली नाही. ताटाशेजारी फोन ठेवते आणि पुरता वाजू देते. तिकडे त्यांच्या कानात बाई बोलत नाही, रिंग जाते. लाइन जिवंत आहे आणि माणूस उचलत नाही, हे त्यांना दर आठवड्याला नेमकं कळतं. त्यांच्याइतकं ते दुसऱ्या कुणाला कळणार? सासूबाई शेजारी असल्या तर म्हणतात, "वाजू दे. वाजतोय तवर म्हातारा बरा हाय."

गेल्या रविवारी साडेदहा झाले आणि फोन वाजला नाही. पावणेअकरा झाले. मी दोन्ही कार्डांच्या काड्या बघितल्या, चार्जिंग बघितलं. हे रानात गेले होते. मी फोन घेऊन अंगणात गेले, मग रस्त्यावर, आणि भानावर आले तेव्हा उंबराखाली सात नंबरपाशी उभी होते. पत्रा एका बाजूने लोंबत होता, चुना धुऊन गेला होता. गरज काही नव्हती, घरात रेंज होतीच. तरी त्या दगडावर बसले. अकराला पाच कमी असताना फोन वाजला आणि माझा जीव भांड्यात पडला.

फोन मी मांडीवर ठेवला. आप्पांचं नाव दिसत होतं. अंगठा उठंना. मग तो शेवटच्या रिंगपर्यंत वाजू दिला.